सात पेपरांतली मंदा

पगार मला इंग्रजी शिकवण्याचा मिळायचा, पण खरं काम संशय घेण्याचं होतं. दारव्ह्याच्या शाळेत आठवी ते दहावीच्या पोट्ट्यांना इंग्रजी शिकवलं, आणि दर मार्चमध्ये बोर्डाचे पेपर तपासले. आधी साधी परीक्षक म्हणून, मग नियामक म्हणून. नियामक म्हणजे परीक्षकानं तपासलेले पेपर पुन्हा तपासणारा माणूस. विद्यार्थ्यावर परीक्षकानं संशय घ्यायचा आणि परीक्षकावर मी. हे काम मला मनापासून आवडायचं, ते कशाला लपवू?

घरीही तेच. सासरचं वावर कपाशीचं. दिवाळीनंतर वेचणी लागली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाकून बसायचं काम सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे सोपवलं. वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर मिळते. म्हणून गाठोड्यात कोणी खडा घालते का, कापसावर पाण्याचा शिपका मारते का, हे बघत बसायचं. सुटीच्या दिवशी वेचणाऱ्यांवर नजर आणि शाळेच्या दिवशी लिहिणाऱ्यांवर. आमचे हे म्हणायचे, "तू मास्तरीण कायले झाली? पोलिसात पायजे होती." मी म्हणायची, पोलिसांना पुरावा लागतो, मला नुसता वास आला तरी चालते.

या अंकाच्या संपादकांनी मला शिक्षकी पेशातले आनंदाचे क्षण लिहायला सांगितले आहेत. असतील तसे क्षण कोणाकडे, त्यांनी लिहावेत. मी कॉपीबद्दल लिहिते.

लोकांना वाटते, कॉपी म्हणजे बाहीतली चिठ्ठी. अहो, चिठ्ठी पकडणं चपराशाचं काम आहे. खरी कॉपी पकडायची ती पेपर घरी आल्यावर, नुसता कागद समोर असताना. त्याचा नियम सोपा आहे. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असते, त्याच्यात काही पकडण्यासारखं नसते. चूक मात्र ज्याची त्याची वेगळी. चार पेपरांत एकच चूक त्याच जागी दिसली, की समजायचं चौघांनी एकाच विहिरीचं पाणी पेलं. आणि 'स्वतःचं वाक्य करा' असा प्रश्न असेल, तर एकच वाक्य दोन जणांना सुचत नाही. निदान सुचू नये.

एका पोट्ट्यानं मित्राला पत्र लिहिताना खाली सही करायच्या जागी पुढच्या बाकावरच्या पोराचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्यानं 'माझे वडील' या निबंधात वडील डॉक्टर असल्याचं लिहिलं. ते वडील मला रोज दारव्ह्याच्या बसस्टँडवर भेटायचे, पपई विकायचे. मी त्यांना म्हटलं, "काय डॉक्टरसाहेब, पपई गोड हाय का?" त्यांना काही समजलं नाही, पण पपई गोड निघाली.

आणि एक मेंदीवाली पोरगी. पेपरच्या दिवशी दोन्ही तळवे भरून मेंदी. मार्च महिना, परीक्षेचे दिवस, घरात लग्न नाही, सण नाही. मेंदीचा वास ताजा. मी तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "बाई गं, किती सुंदर काढली! कोणी काढली?" ती लाजली. वेलबुट्ट्यांच्या आत, पाकळीच्या कडेकडेनं, बारीक अक्षरात क्रियापदांची तिन्ही रूपं होती. डाव्या हातावर ए ते एम, उजव्यावर बाकीची. आता मेंदी काही धुऊन जात नाही. शेवटी दोन्ही हातांना रुमाल बांधून तिला पेपर लिहायला लावला. तीन तास ती पट्टी बांधलेल्या माणसासारखी लिहीत बसली, आणि पास झाली. पुढं बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, त्या मेंदीनं माहे सगळे शब्द पाठ झालते. काढता काढता." मी तिच्यावर अर्धाच विश्वास ठेवला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं, तिच्याकडे येते. त्यासाठी एका इंग्रजी शब्दाची ओळख करून द्यावी लागेल.

शब्द साधा आहे, पिक. आपल्याकडं त्याला एक शब्द नाही. आपण कापूस वेचतो, मिरच्या तोडतो, फूल खुडतो, तांदूळ निवडतो, पडलेला पैसा उचलतो. चिमणी दाणे टिपते. इंग्रजीत ही सगळी कामं एकटा पिक करू शकतो. वर त्याच्याच भावकीतले प्लक, गॅदर, चूज, कलेक्ट हेही आहेत, आणि कोणी कुठं जायचं याचे त्यांचे मानपान ठरलेले आहेत. आजकालच्या पोरांना पिक जन्मापासून माहीत असतो. "फोन पिक काहून नाही केला?" म्हणतात. बाया वेचणीला ज्या गाडीत दाटीवाटीनं उभ्या राहून जातात, ती पिकअप. पण पेपरात वाक्य कर म्हटलं की पोट्टे वर छताकडं पाहतात.

हे पाच शब्द आणि त्यांची पाच वाक्यं, असा प्रश्न फिरून फिरून येतो. त्या वर्षीही आला. 'खालील क्रियापदांचा उपयोग करून स्वतःची वाक्ये तयार करा.' माझ्याकडं परीक्षकाकडून गठ्ठा आला. वरच्याच एका पेपरात वाक्य होतं, 'मंदा पिक्स कॉटन फॉर टू.' मंदा दोघांसाठी कापूस वेचते. दोघांसाठी कशी काय वेचेल? मी म्हटलं, चला, कापूस तरी आला, पॅरिसचा टॉवर नाही आला. पुढं मिरच्या होत्या, मंदा त्या तोडते आणि तिचे डोळे जळतात. मग मंदा सूर्याच्या आधी मोहाची फुलं गोळा करते. चौथं, 'मंदा चूजेस राईस.' ही आपली खास चूक. घरात तांदूळ निवडतात, म्हणून पोरीनं 'निवडणे'चा इंग्रजी शब्द आणून तिथं बसवला. इंग्रजाला वाटेल मंदाबाई दुकानात उभ्या राहून तांदळाचे प्रकार पाहतात. आणि पाचवं वाक्य वाचून मी चष्मा पुसला. 'मंदा कलेक्ट्स हर हसबंड फ्रॉम द शॉप.' मंदा नवऱ्याला दुकानातून घेऊन येते.

मी हसले. परीक्षकानं पैकीच्या पैकी गुण दिले होते, तांदळासकट. त्याच्या नावानं एक खूण केली आणि पेपर बाजूला ठेवला. थोड्या वेळानं दुसऱ्या पेपरात मंदा पुन्हा भेटली. त्याच क्रमानं, त्याच तांदळासकट, त्याच नवऱ्यासकट. मग माझं हसू गेलं आणि वास आला. सगळा गठ्ठा उलटापालटा केला. सात पेपरांत मंदा होती. अक्षर सात प्रकारचं आणि बाई एकच.

सांगा, सात जणांना एकच नवरा एकाच दुकानातून आणायचं सुचते का?

मी अहवाल लिहिला. बोर्डानं चौकशी केली. सातही पोरी घाटंजी तालुक्यातल्या एकाच गावच्या निघाल्या. केंद्र दुसऱ्या गावचं होतं आणि सात जणी दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसल्या होत्या. म्हणजे एकमेकींचं पाहून लिहिणं शक्य नव्हतं. तेव्हा माझा संशय आणखी वर चढला. खोल्या दोन आणि उत्तर एक, म्हणजे कोणी तरी मोठ्या माणसानं दोन्ही खोल्यांत फिरून सांगितलं असणार. सातही जणींचा निकाल राखीव ठेवला आणि सुनावणीला बोलावलं. गुन्हा ठरला असता तर पेपर रद्द, वर्ष गेलं, आणि खेड्यातल्या पोरीचं दहावीचं वर्ष गेलं की शाळा सुटते ती सुटतेच. मला हे माहीत होतं. तरी मी म्हटलं, केलं असेल तर भोगावं.

तक्रार माझीच, म्हणून भाषेचं सांगायला समितीवर मलाच बसवलं. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य होते, हळू बोलणारे. तिसरे ऑफिसचे गावंडे बाबू, ते लिहून घ्यायला. मे महिना, कूलर नुसता आवाज करत होता. व्हरांड्यात बाकावर सात पोरी बसल्या होत्या, शाळेचा युनिफॉर्म घालून, वेण्या घट्ट बांधून. पत्रात लिहिलं होतं, प्रत्येकीनं पालकाला सोबत आणावं. त्यांच्यासोबत एकच बाई आली होती.

गावंडे बाबू तिला म्हणाले, "सातही जनीची माय तुम्हीच का?"

"बाकीच्या तेंदूपानं तोडाले गेल्या साहेब," ती म्हणाली. "एका दिवसाचा रोज कोन बुडवते? म्हनून मी आली सगळ्याहीची."

माझ्या मनात लगेच आलं, या बाईला पढवून पाठवलं असणार.

एकेकीला आत बोलावलं. पहिली साक्षी नावाची. मी तिच्यासमोर पेपर ठेवला आणि सरळ विचारलं, "ही मंदा कोण?"

तिनं मान खाली घातली. "मालूम नाही मॅडम."

"पाच वाक्यं लिहिली तिच्यावर. तिच्या नवऱ्याबद्दलही लिहिलं. आणि मालूम नाही?"

"नाही मालूम."

दुसरी आली. तिलाही मंदा माहीत नाही. तिसरीलाही नाही. मी प्राचार्यांकडं पाहिलं. खोटं बोलणारा माणूस मला दुरून ओळखू येतो, आणि या तिघी खोटं बोलत होत्या यात शंका नव्हती. मंदा कोण हे त्यांना पक्कं माहीत होतं. ज्यानं उत्तरं सांगितली त्याचं नाव लपवतात, हे मी मनात पक्कं करून टाकलं.

मग मी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं. ऐकून लिहिलेलं उत्तर पेपर झाला की तिथंच गळून जाते. मार्चमध्ये कानात आलेलं मेपर्यंत टिकत नाही. मी तिसऱ्या पोरीचा पेपर पालथा घातला आणि म्हटलं, "बरं, मंदा जाऊ दे. ती पाचही वाक्यं आता तोंडानं म्हण."

पोरगी घाबरली. "मंदा... मंदा..." म्हणून अडली. मी घड्याळाकडं पाहिलं. झालं, सापडली. गावंडे बाबूंनी पेन टेकवला.

आणि मग तिचे हात हलले. आधी मला वाटलं थरथरून राह्यले. पण नाही. डावा हात पुढं गेला, चिमूट झाली, मागं आला. लगेच उजवा. पुन्हा डावा. चार-पाच वेळा झालं की दोन्ही हात पोटापाशी यायचे, काही तरी आत टाकल्यासारखे, आणि परत पुढं. खाली मान घालून, डोळे अर्धे मिटून तिनं म्हटलं, "मंदा पिक्स कॉटन फॉर टू." हात चालूच. "मंदा प्लक्स चिलीज अँड हर आइज बर्न." एक पाऊल बाजूला सरकली, बसल्या जागी खुर्चीसकट. "मंदा गॅदर्स मोहा बिफोर द सन..."

प्राचार्य मला म्हणाले, "हे काय चाललंय हिचं?"

त्यांना कळणार नाही, ते कॉलेजातले. मी मात्र सगळा जन्म धुऱ्यावरच्या खुर्चीतून हेच पाहिलं होतं. बोंडातून कापूस काढायचा, मूठ भरली की कमरेच्या ओटीत टाकायचा, मग पुढच्या झाडाला. बाई ओटीत कापूस टाकते की खडा, हे पाहता पाहता मला त्या हातांची चाल पाठ झाली होती. ती पोरगी बोर्डाच्या ऑफिसात कूलरसमोर बसून कापूस वेचत होती.

संशय असा एका झटक्यात जात नाही. पहिल्या दोघींना परत बोलावलं, मग चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येकीला वेगळं, दार लावून. प्रत्येक पोरगी सुरुवातीला अडली, आणि हात सुरू झाल्यावर वाक्यं आली. तांदळाच्या वाक्याशी सगळ्यांचे हात ओटीकडं गेले. हे कोणी पढवून शिकवू शकत नाही.

"कापसाच्या वावरात शिकल्या तुम्ही?" मी सहावीला विचारलं.

ती दचकली. "वेचनीच्या टायमाले, मॅडम. शाळेत इंग्रजीले सरच नाही. जागा खाली हाय."

"वावरात कोणी शिकवलं?"

"मालूम नाही," ती म्हणाली.

मग सातवी, पल्लवी. चुणचुणीत, काळेभोर डोळे. ही अडलीच नाही. पाचही वाक्यं धडाधड म्हणून दाखवली, चौथ्या वाक्यातल्या चुकीसकट. पण हात! दोन्ही हात मांडीवर, जागच्या जागी. नुसता डावा तळवा वर केलेला आणि अंगठा वाकवून घट्ट धरलेला.

झालं, माझा संशय पुन्हा उभा राहिला. सहा जणींनी वेचता वेचता पाठ केलं हे कबूल. मग ही वेचत नव्हती तर तिथं काय करत होती? कॉपीचं मूळ हीच असणार, असं वाटलं. त्या अंगठ्याकडं मी पाहत राहिले. उघडं पुस्तक एका हातात धरलं, की पानं मिटू नयेत म्हणून अंगठा असाच ठेवावा लागतो. तीस वर्षं मी वर्गात तसंच पुस्तक धरलं आहे.

"तू वेचत नव्हती," मी म्हटलं. "तू पुस्तक धरून होती."

तिनं पटकन हात मागं घेतला. "मी सांगत होती, मॅडम. मी शब्द सांगो, मंग वाक्य सांगो. ह्या मांगून म्हनत. एका झाडाले एक डाव. बायाबी म्हनत आमच्या संगं."

"म्हणजे वाक्यं तुझी?"

"हो. गाइडातले समजे नाही कोनाले. लंडन गिंडन. म्हनून मी घरचे केले."

वेचणीत प्रत्येक बाईच्या वाट्याला काही ओळी येतात, त्याला पात म्हणतात. पात सोडून फिरणाऱ्या मजुराला कोणी वावरात उभं करत नाही. आमच्याकडं असती तर मीच हाकललं असतं. मी विचारलं, "तुझी पात कोण वेचायचं?"

पल्लवीनं दाराकडं पाहिलं.

माझ्यासमोर तिचा पेपर होता. पहिलंच वाक्य. मंदा दोघांसाठी कापूस वेचते. मी इतके दिवस याला कच्चं इंग्रजी समजत होते. ते तर जसंच्या तसं घडलेलं होतं.

"मंदा वेचायची," मी म्हटलं. "मंदा तुझी आई आहे."

"हळू बोला ना मॅडम!" ती एकदम हात जोडून उभी राहिली. "बाहेर बसून हाय ते. तिच्यासमोर ते पाचवं वाक्य नका काढू. बाबाच्या दारूचं. वावरात म्हनलं ते वेगळं, तथी सगळ्याहीच्या घरी तेच हाय. पेपर तर सरकारचा हाय. ह्या सहा जनीनं मले शपथ देली होती, मंदा कोन हाय ते सांगाचं नाही. निकाल गेला तरी सांगाचं नाही." मग तिला रडू फुटलं. "माहा निकाल ठेवून घ्या. त्याहीचा सोडा. वाक्य माहे हायेत, चुकी माही हाय."

गावंडे बाबूंनी पेन खाली ठेवला. प्राचार्य खिडकीकडं पाहू लागले. सहा पोट्ट्या आपलं वर्ष पाण्यात घालायला तयार होत्या, ते मैत्रिणीच्या बापाची अब्रू राखायला. आणि मी त्यांना चोर समजून बसले होते.

पाणी पिण्याच्या निमित्तानं मी बाहेर आले. ती बाई बाकाच्या टोकाशी बसली होती, पदर डोक्यावरून. बाकीच्या पोरी तिच्याकडं सरकून बसल्या होत्या. तिनं मला पाहिलं आणि उठून उभी राहिली.

"तुमचं नाव काय, बाई?"

"मंदा," ती म्हणाली.

बाकावरच्या सहाही माना एकदम खाली गेल्या.

"बसा, बसा," मी म्हटलं. पण तीच बोलली, आवाज खाली आणून.

"मॅडम, तुम्ही त्या नवऱ्याच्या वाक्यावर अडून राह्यल्या का?"

मी गोंधळले. "तुम्हाला माहीत आहे ते?"

"मले न मालूम असाले काय झालं? दोन महिने पातीवर मीबी म्हनलं ना ते. अर्थ पुसला मी पोरीले. ते म्हने, माय, हे राहू देऊ, दुसरं करू. मी म्हनलं, काहून? त्यात का लिहेल हाय, स्वतःचं वाक्य करा. मंग स्वतःचंच कर. परीक्षेत खोटं कायले लिवाचं?"

"पोरीला वाटते तुम्हाला लाज वाटेल."

"लाज?" तिनं पदर नीट केला. "दुकानातून आनते कोन? मी आनते. लाज वाटाची तं त्यानं वाटून घ्यावं. तुमाले मंदा कोन हाय ते पायजे ना? लिहून घ्या. हेच मंदा हाय म्हना." आणि ती माझ्या पुढं चालत, कोणी बोलावलं नसताना, आत गेली आणि प्राचार्यांच्या टेबलासमोर उभी राहिली.

पल्लवी आईकडं पाहतच राहिली. मंदानं तिच्या डोक्यावर एक हलकी टपली मारली. "येडी पोट्टी! मायचं नाव लपवते."

मग आम्ही तिघं बसलो. प्राचार्यांनी मला विचारलं, "मॅडम, पाठांतर आणि कॉपी, यात तुम्ही फरक कसा सांगाल?" मी म्हटलं, "कॉपीवाल्याचे हात हलत नाहीत, सर." गावंडे बाबूंनी विचारलं, हे असंच लिहू का? मी म्हटलं, असंच लिहा. निकाल सोडावा, अशी शिफारस झाली. मात्र 'चूजेस राईस'चा अर्धा गुण मी सातही पेपरांतून कापला, आणि परीक्षकालाही समज दिली. चूक ती चूक. दया वेगळी आणि तांदूळ वेगळा.

सातही जणी पास झाल्या. पल्लवीला यवतमाळच्या वसतिगृहात जागा मिळाली. हे मला गावंडे बाबूंनी फोन करून सांगितलं. मी पहिल्या रिंगलाच फोन पिक केला होता.

ते माझं नोकरीचं शेवटचं वर्ष ठरलं. दिवाळीनंतर मी ही गोष्ट माझ्या दहावीच्या पोरींना वर्गात सांगितली. मंदाचं नाव बदललं, बाकी तशीच. म्हटलं, बायांनो, गाइड बाजूला ठेवा. घरातलं लिहा, वावरातलं लिहा, डोळ्यांनी पाहिलं ते लिहा. पोरी एकमेकींकडं पाहून हसल्या. मला जरा संशय आला, पण सोडून दिला.

डिसेंबरात आमच्या वावरात वेचणी लागली. नेहमीच्या बाया पिकअपमधून उतरल्या, सोबत माझ्याच वर्गातल्या तीन-चार पोरी. मी रजेवर होते, त्या शाळेला दांडी मारून आल्या होत्या, आणि मी मालकीण म्हणून त्यांना नाही म्हटलं नाही. मी धुऱ्यावर खुर्ची टाकली. बाया ओळींतून पुढं गेल्या. उन्हं वर आली तसा मधल्या पातीतून आवाज आला. आधी एका पोरीचा, मग मागून सगळ्यांचा. सत्तरीची लक्ष्मीबाईसुद्धा बोळक्या तोंडानं म्हणत होती.

"मॅडम सिट्स ऑन द चेअर."

मॅडम खुर्चीवर बसतात. मी सावरून बसले.

"मॅडम वॉचेस अस."

मॅडम आमच्यावर नजर ठेवतात. हात चालूच होते, डावा, उजवा, ओटीत.

"मॅडम चेक्स अवर बॅग्ज. मॅडम फाइंड्स नो स्टोन."

मॅडम आमची गाठोडी तपासतात. मॅडमला खडा सापडत नाही. मग एकच हशा उठला.

मी खुर्चीच्या पुढच्या काठावर येऊन, कानामागं हात धरून ऐकत राहिले. निदान एखादी चूक तरी सापडेल, अर्धा गुण तरी कापता येईल, म्हणून त्यांनी म्हटलेलं प्रत्येक वाक्य मी पुन्हा पुन्हा तपासलं. चारही वाक्यं बरोबर होती.